काळ्या भुकटीने केलेली दिशाभूल

महोदय,

पुरवणीतील लायकेनवरचा (बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र जगणाऱ्या जोडीवरचा) लेख आवडला. पण त्यात केल्याप्रमाणे ‘स्फेरोफोरस’ या लायकेनला कॅलिसिएलीज गणात (वर्गीकरणातल्या एका मोठ्या गटात) टाकणे आता जुने झाले. प्रवाळासारख्या भरीव, फाटे फुटलेल्या फांद्यांची ही प्रजाती बुरशीतज्ज्ञ पर्सून यांनी १७९४ मध्ये नोंदवली. फांदीच्या टोकाला गोळा येतो, तो उकलला की आत काजळीसारखी सुटी बीजाणूंची भुकटी. बोट लावा, काळे झालेच म्हणून समजा! अशी भुकटी असलेली सगळी लायकेन पूर्वी एकाच गणात कोंबली जात. डीएनए तपासल्यावर कळले, की ही युक्ती बुरशींच्या निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे उपजली आहे. म्हणून स्फेरोफोरस आज लेकॅनोरेलीज गणात आहे. त्यातल्या चपट्या फांद्यांच्या, मुख्यतः दक्षिण गोलार्धातल्या बऱ्याच जातीही ‘बुनोडोफोरॉन’ या वेगळ्या प्रजातीत गेल्या. (नावे बदलली की आम्हा हौशी मंडळींची चिडचिड होते, पण इलाज नाही.)

आणखी एक. लायकेनचे वर्गीकरण त्यातल्या बुरशीवरून ठरते. आतल्या हिरव्या शैवालाचे नाव वेगळे, घराणेही वेगळे. लेखात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक