वेळापत्रकातून गेलेले दोन तास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका विद्यापीठात तासिका तत्त्वावर 'डिजिटल स्टोरीटेलिंग' शिकवते, म्हणजे फोटो आणि स्वतःचा आवाज जोडून संगणकावर छोटी गोष्ट सांगायला. वेळापत्रकात त्याचं नाव 'अंकीय कथाकथन' असं छापलंय. मुलं त्याला 'डीएस' म्हणतात, आणि आमच्या शेजारच्या काकू 'मोबाइलचा क्लास'. गेल्या वर्षापर्यंत या विषयात आठवड्याला दोन तास चित्रपट बघण्यासाठी राखून ठेवलेले होते. यंदा ते गेले. चौकशी केली तेव्हा कळलं, "मॅडम, पिक्चर काय, मुलं घरी बघतातच. ते तास सॉफ्टवेअरला द्या."

घरी बघतात, कबूल. कसे बघतात तेही त्यांनीच मला सांगितलंय: मेसच्या रांगेत, दीडपट वेगानं, एका कानात इअरफोन घालून. एक मुलगा म्हणाला, "मॅम, मी फक्त गाणी आणि शांत जागा पुढे ढकलतो." 'शांत जागा' हा शब्द त्याचाच. मी तो फळ्यावर लिहून ठेवला. त्या जागांसाठीच तर मला हे दोन तास हवेत.

गेल्या वर्षी शिरूरकडची एक विद्यार्थिनी होती. वडील शिंपी. त्यांच्या शिलाई मशीनवर तिनं तीन मिनिटांची गोष्ट केली. पहिला खर्डा बघितला तर प्रत्येक फोटो गरगर फिरत येतो, फुटून जातो, आणि खाली अखंड बासरी. त्याच आठवड्यात आम्ही 'संत तुकाराम' बघितला, दामले-फत्तेलालांचा, १९३६ सालचा. जिजाई देवळात जाऊन विठोबावर चप्पल उगारते तो प्रसंग तिनं आधी मोबाइलवर, सुटा तुकडा म्हणून पाहिला होता. "तेव्हा मी हसले होते," ती म्हणाली. या खेपेला हसली नाही. चूल, पोरं, म्हैस आणि भजनात रमलेला नवरा यांच्यात त्या बाईबरोबर इतका वेळ काढल्यावर चप्पल विनोदी राहत नाही. हे व्याख्यान देऊन कळत नाही. अंधारात बसावं लागतं.

पुढच्या सोमवारी तिनं बासरी काढून टाकली. हॉस्टेलच्या पंख्याची घरघर येते म्हणून रात्री पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन निवेदन पुन्हा रेकॉर्ड केलं. शेवटी वडिलांच्या बोटातल्या अंगुस्तानाचा एकच फोटो अकरा सेकंद तसाच ठेवला, मागे फक्त पायमशीनचा आवाज. अकरा सेकंद! मी स्वतः सातवर कापलं असतं.

या विषयाची मूळ रीतही सॉफ्टवेअरपासून सुरू होत नाही. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात डॅना ॲचली, जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यशाळा सुरू केल्या. माणसं आधी गोल करून बसत, आपली गोष्ट मोठ्यानं सांगत, इतरांची ऐकत. मग पानभर मजकूर, स्वतःचा आवाज, घरातले फोटो. संगणकाचा नंबर त्यानंतर. आम्ही मात्र पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडायला लावतो.

मी स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म संकलनाच्या जुन्या टेबल-यंत्रावर, फिल्म कापायला शिकलेल्या शेवटच्या पिढीतली. ३५ मिमीच्या एका फुटात सोळा चौकटी, सेकंदाला चोवीस, म्हणजे दीड फूट फिल्म गेली की एक सेकंद गेला. खूण करायची, कापायची, टेप लावायची. चुकलं तर तो तुकडा डब्यात शोधत बसायचं. म्हणून कात्री लावण्याआधी चार वेळा बघायचो. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही (पाठ गेली त्यात). पण ती चार वेळा बघायची सवय कुठून आणायची?

आणि हे पुण्यात व्हावं, याचा राग येतो. 'संत तुकाराम' काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापूरहून १९३३ साली इथे बस्तान हलवलं. त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. जवळच, लॉ कॉलेज रस्त्यावरच, १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जिथे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे गोळा करून जपले. गेल्या वर्षीच्या वर्गातल्या बत्तीस जणांना विचारलं, त्या रस्त्यावरून कोण जातं? बहुतेक हात वर. संग्रहालयात कोण गेलंय? दोन. त्यातला एक पाऊस लागला म्हणून आडोशाला उभा राहिलेला.

माझं मागणं मोठं नाही. नव्या सत्राची वेळापत्रकं सध्या विभागाविभागांतून ठरताहेत. चित्रपट बघण्याचे ते दोन तास परत छापा, आणि अध्यापनाचे तास म्हणूनच मोजा. सध्या शनिवारी दुपारी शिपाईदादांकडून सभागृहाची किल्ली मागून आम्ही बघतोच आहोत. मला त्याचं मानधन मिळत नाही आणि मुलांना हजेरी. तरी वीस-बावीस जण येतात. प्रोजेक्टर आहे, पडद्यावर उजवीकडे एक डाग आहे, तो चालतो. पंखा फार खडखडतो, तो आम्ही बंद ठेवतो.

आपली,
एक अध्यापिका, कोथरूड, पुणे