अर्धवट गेम, पूर्ण किंमत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत नव्या व्हिडिओ गेमची ओळख करून देणारा स्तंभ येतो. आमच्या घरी तो आधी मुलगा वाचतो, मग मी. त्यात कौतुक झालेले काही गेम विक्रीला आलेले असतात, पण बनून पूर्ण झालेले नसतात. ही गोष्ट स्तंभात कधी सांगितली जाते, कधी राहून जाते. म्हणून हे पत्र.

गेम अर्धा झाला असतानाच विकायचा, आलेल्या पैशांवर पुढचे काम करायचे आणि खेळणाऱ्यांनी चुका कळवायच्या, या पद्धतीला ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणतात. संगणकावरील गेमचे सर्वात मोठे दुकान असलेल्या ‘स्टीम’ने मार्च २०१३ मध्ये ती सुरू केली. पद्धत मुळात वाईट आहे असे मी म्हणणार नाही. उलट तिचे मोठे ऋण माझ्यावर आहे.

मी दहावीला विज्ञान शिकवतो. आमच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि पुढे अवकाश मोहिमांचा. मुक्तिवेगाचे सूत्र मुले पाठ करतात, पण उपग्रह खाली का पडत नाही हे विचारले की वर्ग गप्प होतो. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या गेममध्ये मुले स्वतः रॉकेट जोडतात. सरळ वर सोडलेले रॉकेट सरळ खाली येते. सत्तर किलोमीटरच्या वर जाऊन आडवा वेग घेतला, तरच ते ग्रहाभोवती फिरत राहते. दोन-चार रॉकेट कोसळली की मुलांना हे जे कळते, ते माझ्या फळ्यावरच्या आकृतीने कधी कळले नव्हते. चांद्रयान-३ पृथ्वीभोवती फेऱ्या मारत कक्षा का वाढवत होते, हे त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने इतरांना समजावून सांगितले. हा गेम मेक्सिकोतल्या ‘स्क्वॉड’ कंपनीचा. २०११ मध्ये तो अगदी कच्च्या रूपात लोकांपुढे आला, २०१३ मध्ये स्टीमवर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये गेला आणि एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण झाला. लोकांनी भरवशावर पैसे दिले आणि कंपनीने शब्द पाळला.

त्याच नावाच्या दुसऱ्या भागाची गोष्ट वाचून म्हणूनच जास्त वाईट वाटते. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम २’ची घोषणा ऑगस्ट २०१९ मध्ये झाली, तेव्हा तो २०२० मध्ये येणार होता. तारखा पुढे जात राहिल्या आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, तोही पन्नास डॉलरला. या वेळी निर्माते हौशी चार जण नव्हते, मागे ‘टेक-टू’सारखी मोठी कंपनी होती. पहिल्या दिवशी त्यात इतकी कमतरता होती की अवकाशातून वातावरणात परत येणारे यान तापतसुद्धा नव्हते. ज्या गेमची सगळी मजा खऱ्या भौतिकशास्त्रात, त्यात हे! पुढच्या कामाचा आराखडा मात्र देखणा होता. आधी विज्ञानाचे प्रयोग, मग दुसऱ्या ग्रहांवर वसाहती, मग दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत प्रवास, शेवटी मित्रांबरोबर एकत्र खेळणे. यातला फक्त पहिला टप्पा डिसेंबर २०२३ मध्ये आला. २०२४ च्या उन्हाळ्यात सिएटलमधला स्टुडिओ बंद पडला, सत्तर माणसांची नोकरी गेली, जूननंतर गेममध्ये काही बदल झाला नाही. विक्री मात्र चालूच राहिली. त्या सत्तर जणांना मी दोष देत नाही, त्यांची तर नोकरीच गेली. माझा आक्षेप काम थांबल्यावरही पैसे घेत राहण्याला आहे.

मी तो घेतला नव्हता. पण दुसऱ्या एका गेमचा अनुभव आमच्या घरातलाच आहे.

माझ्या मुलाने दिवाळीचे जमवलेले पैसे, साधारण दीड हजार रुपये, बेटावर वस्ती वसवण्याच्या एका अर्धवट गेमसाठी दिले. तो तेव्हा आठवीत होता. चुका कळवल्या तर गेम लवकर पूर्ण होतो, असे त्याने वाचले होते. त्याने शंभर पानी वही घेतली. कुठे पूल बांधला की माणसे पाण्यात पडतात, कोणत्या ऋतूत पीक उगवतच नाही, हे तारीख-वेळेसह लिहायचा आणि शब्दकोश घेऊन इंग्रजीत कळवायचा. दोनदा उत्तर आले, तेव्हा त्याचा आनंद मी पाहिला आहे. मग एका अपडेटमध्ये त्याची सगळी वस्ती पुसली गेली. त्यानंतर अपडेटच आले नाही. पैसे परत मागितले तर मुदत उलटलेली. रक्कम लहान आहे, मला मान्य आहे. पण मुलाने चार महिने मन लावून केलेल्या कामाला साधे ‘आम्ही थांबलो’ असे उत्तरही मिळू नये?

‘गेम अपूर्ण आहे, यापुढे बदलेल किंवा बदलणारही नाही’ अशा अर्थाची सूचना स्टीमवर अशा प्रत्येक गेमच्या पानावर असते. कायद्याच्या दृष्टीने विकणारा मोकळा. पण त्याच पानावरची चित्रफीत उद्याच्या गेमची असते आणि पूर्ण झाल्यावर किंमत वाढेल, आताच घ्या, असेही सुचवलेले असते. स्टीमचा परताव्याचा नियम दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर, असा आहे. तयार गेमसाठी तो ठीक आहे. जो गेम वर्ष-दोन वर्षांनी सोडून दिला जातो, त्याची फसगत दोन तासांत कळणार कशी?

आपल्याकडे फ्लॅट बांधून होण्याआधीच विकले जातात आणि त्यातून किती संसार रखडले हे वेगळे सांगायला नको. २०१७ पासून महारेरा आले. ठरावीक आकारापुढच्या प्रकल्पाची नोंदणी, पूर्ण होण्याची जाहीर तारीख आणि ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, फक्त जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी. घर आणि गेम यांची बरोबरी मी करत नाही. पण न झालेली वस्तू विकण्याचा व्यवहार तोच आहे. अर्ली अ‍ॅक्सेसच्या विक्रीतला काही भाग दुकानानेच राखून ठेवावा आणि ठरलेले टप्पे झाल्यावर निर्मात्याला द्यावा, काम थांबले तर विक्री त्याच दिवशी थांबावी आणि राखलेले पैसे ग्राहकाला परत जावेत, एवढे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. फेब्रुवारी २०२५ पासून स्टीम बराच काळ अपडेट न आलेल्या गेमवर तशी सूचना दाखवते. चांगले आहे, पण सूचनेखाली ‘विकत घ्या’चे बटण तसेच असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे आणि ती चिंता रास्त आहे. पण सरळ पैसे मोजून गेम घेणाऱ्या मुलाच्या हक्काबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. दीड हजारासाठी परदेशी कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात कोण जाणार?

आपल्याकडे मागणे छोटे आहे. पुरवणीत गेमची ओळख देताना तो पूर्ण आहे की अर्धवट, अर्धवट असल्यास विक्रीला कधी आला आणि शेवटचा अपडेट कोणत्या तारखेचा, एवढी एक ओळ किमतीशेजारी छापावी. माझा मुलगा आता दहावीत आहे. नवा गेम दिसला की तो आधी ती तारीखच शोधतो, पण ती त्याला आपल्या पानावर सापडत नाही.

आपला नम्र,
एक शिक्षक, मिरज