मशरूमची पावडर विकताय तर ती कशी केली तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सध्या आपल्याकडं परभणी हिंगोली नांदेड भागात मशरूमच्या औषधांचं पेव फुटलंय. तुमच्या पेपरातही बारीक चौकटीत जाहिराती येतात आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर विचारूच नका, शुगर मुळापासून बंद, बीपीची गोळी सुटणार, कॅन्सरवर रामबाण. मी स्वतः धिंगरी (ऑयस्टर) मशरूमचं पीक घेते, बचत गटातल्या बायका मिळून आम्ही त्याची पावडर करून विकतो, घरच्यापुरता रेशी या लाकडासारख्या टणक औषधी मशरूमचा काढाही करते, तेव्हा मी काही याच्या विरोधात नाही. उलट हा धंदा आपल्या बायकांच्या हातात टिकावा म्हणूनच लिहायलेय. म्हणणं एवढंच की डब्यावर रोगांची नावं छापण्यापेक्षा आत काय आहे आणि ते कसं काढलंय ते छापा.

कारण वाळवलं, मिक्सरला फिरवलं, डबा भरला की औषध तयार असं होत नाही हो. मशरूमच्या पेशीची भिंत कायटीन नावाच्या चिवट पदार्थाची असते, आपल्या पोटाला ती नीट पचत नाही, म्हणून कच्ची पावडर दुधात ढवळून घेतली तर त्यातला बराचसा भाग अंगी न लागताच बाहेर पडतो. प्रतिकारशक्तीसाठी ज्याचं नाव घेतात ते बीटा-ग्लुकॅन, म्हणजे मशरूममधला एक तंतुमय पदार्थ, गरम पाण्यात उकळून उकळून उतरतं. आणि रेशीचा जो जहाल कडूपणा आहे तो ट्रायटर्पिन नावाच्या द्रव्यांचा, ती पाण्यात फार उतरत नाहीत, त्यांना अल्कोहोल लागतं. म्हणून नीट काम करणारे दोन्ही अर्क वेगवेगळे काढतात अन् मग एकत्र करतात, अल्कोहोलचं काम तर लायसनशिवाय घरी करायचंच नाही. आता ज्या डब्यावर नुसतं 'शंभर टक्के शुद्ध रेशी' लिहिलंय त्यात पाण्यातलं आलं का अल्कोहोलमधलं आलं का नुसता भुगा आला, गिऱ्हाइकानं कसं ओळखायचं?

रेशी ज्यानं हातात घेतलंय त्याला माहितीये, वरून लाखेचं पॉलिश केल्यागत चमकतं आणि आत निव्वळ लाकूड. वाळल्यावर मिक्सरचं पातं सुद्धा हार मानतं, त्यामुळं आम्ही थोडं ओलं असतानाच अडकित्त्यानं पातळ काप करतो, मग सावकाश वाळवतो. काढा करताना वैद्यांचं जुनं माप धरायचं, कापांच्या सोळापट पाणी आणि आठवा हिस्सा राहीपर्यंत मंद आचेवर आटवायचं, झाकण न ठेवता. घाई करून गॅस मोठा केला की पाणी उडून जातं अन् काप तसेच कोरडे राहतात. हे काम वेळखाऊ आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही, पावडर करणं सोपं.

धिंगरीचं वेगळं. ती मुळात भाजी आहे, शिजवून खायची. ताज्या मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, दहा किलोचे वाळून जेमतेम किलोभर होतात. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी करावी, ड्रायरमध्ये टाकायच्या आधी काप करून, खालची पापुद्र्याची बाजू वर करून दुपारच्या उघड्या उन्हात ठेवावेत, मशरूममधल्या अर्गोस्टेरॉल या द्रव्याचं उन्हातल्या अतिनील किरणांनी व्हिटॅमिन डी होतं. सोलर ड्रायरच्या पॉलिकार्बोनेट शीटखाली ते होत नाही, ती शीट नेमकी तीच किरणं अडवते. ऊन आपल्याला फुकट आहे, मराठवाड्यात कशाची कमी असली तरी उन्हाची नाही.

अजून एक, आणि हे कुणी बोलत नाही. ज्यावर मशरूम वाढवतात ते सोयाबीनचं भुसकट निर्जंतुक करायला आपल्याकडं सर्रास कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि फॉर्मॅलिन या रसायनांच्या पाण्यात रात्रभर भिजवतात. जे मशरूम औषध म्हणून आजारी माणसाला द्यायचंय त्याचं भुसकट तरी गरम पाण्यानं नाहीतर वाफेनं करा, सरपण थोडं जास्त जाईल. मशरूम जड धातू पण ओढून घेतं, म्हणून भुसकट आणि पाणी कुठलं आहे ते बघायला पाहिजे.

आता रोगांच्या दाव्याचं. आमच्या भावकीतल्या एका काकांनी असाच एक डबा आल्यावर शुगरच्या गोळ्या बंद केल्या, पायाची जखम चिघळून दवाखान्यात न्यावं लागलं. रेशीनं शुगर कमी होते का यावरचे सगळे चांगले अभ्यास २०१५ साली कोक्रेन या औषधोपचारांचे अभ्यास पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तपासले तेव्हा तसा आधार सापडला नाही. जपानमध्ये टर्की टेल या मशरूमपासून काढलेलं क्रेस्टिन नावाचं औषध १९७७ पासून कॅन्सरमध्ये वापरलं गेलं पण केमोच्या जोडीला, केमोऐवजी नाही. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय रेशी घेऊच नये आणि नुसती रेशी पावडर खाऊन लिव्हर बिघडल्याच्या केसेस पण मेडिकल जर्नलमध्ये नोंद आहेत.

पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्या 'जंगली म्हणून जास्त ताकदीच्या' असं सांगणारे व्हिडिओ आलेत ते बघून डोकं फिरतं. काही विषारी जातींचं विष शिजवून जात नाही, सहा ते बारा तासांनी उलट्या सुरू होतात, मग मधे बरं वाटतं आणि तोवर लिव्हर निकामी होत चाललेलं असतं. बाभळीच्या बुडाला दिसलं म्हणून रेशी समजून आणू नका, तसल्याच दिसणाऱ्या जाती बऱ्याच आहेत.

साहेब, शुगर कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदी आहे, तेव्हा असल्या चौकटी तुम्ही घेऊ नयेत ही कळकळीची विनंती. आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं आम्हा छोट्या गटांना बीटा-ग्लुकॅन आणि जड धातू परवडेल अशा फीमध्ये तपासून द्यायची सोय करावी, रिपोर्ट हातात असला की आम्हाला खोटं बोलायची गरजच नाही. आमच्या पाकिटावर आम्ही छापतो, धिंगरी पावडर, सोयाबीनच्या भुसकटावर वाढवलेली, वाफेनं निर्जंतुक, उन्हात वाळवलेली, पिठात किंवा वरणात शिजवूनच खावी, कुठल्याही रोगाचं औषध नाही. असं लिहिलेलं पाकीट जाहिरातीला आलं तर जरूर जागा द्या.

आपली,
एक मशरूम उत्पादक, जि. हिंगोली