काउंटरमागं एक स्टूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या आपल्या पुरवणीत गरोदरपणातल्या पायदुखीवर एका डॉक्टरबाईंचा लेख होता. चांगला होता. पोटरीत गोळा आला तर काय करायचं ते त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलंय. पण शेवटी एक ओळ आहे, 'फार वेळ उभं राहू नये, दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडावं.' ती ओळ मी उभ्यानेच वाचली. मी कोल्हापुरात एका साड्यांच्या दुकानात सेल्सला आहे. वेळ सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ, मध्ये अर्धा तास डबा खायला. मला आठवा चालू आहे, आणि बाहेर लग्नसराईही चालू आहे.

पहिला गोळा आला तो पाडव्याच्या आदल्या आठवड्यात, रात्री अडीचला. झोपेत कूस बदलताना पाय ताणला आणि उजव्या पोटरीत कुणी ओल्या धुण्यासारखा पीळ घातला. हात लावून बघितलं तर आत लिंबाएवढा टणक गोळा. मी जी ओरडले, ती आमच्या हेंना वाटलं कळाच सुरू झाल्या. अजून तीन महिने बाकी होते, पण अडीच वाजता कोण हिशेब करतंय? बाळंतपणाची पिशवी भरलेलीच नव्हती. हाताला लागली ती स्वतःची डब्याची पिशवी उचलून हे रिक्षा बघायला दारापर्यंत गेले. (ते शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, पाळी बदलत असते, त्यामुळं झोपेतून उठून पिशवी उचलायची सवय आहेच.)

सासूबाई उठून आल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. म्हणाल्या, "काय न्हाई, पेटका हाय. पाय हिकडं दे." एका हातात टाच धरली, दुसऱ्या हाताने गुडघा दाबून सरळ केला, आणि मग तळवा नडगीकडं, म्हणजे माझ्या डोक्याच्या दिशेनं, हळूहळू रेटला. मी आपली पंजा पुढं ताणत होते. त्यांनी दटावलं, "फुडं न्हवं, वर! बोटं आपल्याकडं." मिनिटाभरात गोळा सुटला. सकाळी पोटरी ठणकत होती, मार बसल्यासारखी. तुमच्या डॉक्टरबाईंनी जे लिहिलंय ते हेच. आत्याबाई दुसरीपर्यंत शिकल्यात.

त्यानंतर आठवड्यातून तीन-चार रात्री हे चालू आहे. आता मी भिंतीला हात टेकून, एक पाय मागं नेऊन, टाच जमिनीवरून न उचलता पोटरी ताणते, झोपायच्या आधी दोन्ही पायांची पाच-सहा वेळा. गरम पाण्याची पिशवी उशाशी असते. यानं गोळे थांबलेत असं नाही, पण कमी झालेत.

खरं दुखणं गोळ्यानंतर सुरू होतं. पाय मोकळा होतो, हे घोरायला लागतात, आणि मी छताकडं बघत पडते. माझं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यामुळं या वेळी जरा काही झालं की मन तिथंच जातं. त्यात शेजारच्या काकू सांगून गेल्यात की सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे खोटं आहे, मूल जितके दिवस पोटात राहील तितकं बरं, हे मला दिवसा पक्कं ठाऊक असतं. रात्री तीन वाजता ठाऊक नसतं. मग मोबाईल. एकदा मोबाईलवर वाचलं की पोटरी दुखणं म्हणजे शिरेत रक्ताची गाठही असू शकते, ती फुप्फुसात जाऊ शकते. त्या रात्री सकाळपर्यंत डोळा लागला नाही. दर पाच मिनिटांनी बोटांनी पोटरी चाचपत होते.

९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. २०१६ पासून सगळ्या देशात दर महिन्याच्या ९ तारखेला असते, फुकट. एप्रिलच्या तपासणीत मी भीतभीत विचारलं. मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मापल्या, दाबून बघितल्या. म्हणाल्या, गोळा येतो आणि जातो, दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात आणि सकाळी उतरतात, तर घाबरू नका. पण एकच पाय सुजला, लाल-गरम लागला, दुखणं जातच नाही असं झालं, तर ९ तारखेची वाट बघायची नाही. बाळंतपणानंतरचे काही आठवडेसुद्धा हे लक्षात ठेवायचं. तसंच जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं. १०८ ला फोन करायचा आणि निघायचं. गोळे का येतात विचारलं तर म्हणाल्या, ठाम कारण अजून कुणालाच सापडलेलं नाही. वजन वाढतं, पायातलं रक्त वर चढायला त्रास पडतो, अशी बरीच कारणं सांगतात. कॅल्शियमची गोळी घ्यायचीच, पण ती पेटक्यांवरचं औषध म्हणून नव्हे. आणि लोहाच्या लाल गोळीबरोबर नको, मध्ये दोन तास जाऊ देत. मी तीन महिने दोन्ही एकाच घोटात घेत होते.

मग त्यांनी विचारलं, "पाणी किती पिता?" मी गप्प. संपादक महाराज, आमच्या दुकानाला बाथरूम नाही. आहे ते कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर, सगळ्या गाळ्यांत मिळून एक, किल्ली मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. किल्ली मागायची, सव्वीस पायऱ्या चढायच्या, सव्वीस उतरायच्या, किल्ली परत द्यायची. लग्नाचं गिऱ्हाईक समोर असलं की किल्ली मागायचं तोंडच होत नाही. म्हणून आम्ही सगळ्याजणी दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. गरोदर असो नसो.

"आणि उभ्या किती वेळ असता?" हा त्यांचा पुढचा प्रश्न.

जुनी कापडाची दुकानं आठवतात का? पांढरी गादी, मागं तक्के. गिऱ्हाईकही बसायचं, दाखवणाराही बसूनच घडी मोडायचा. आमच्या मालकांच्या वडिलांच्या वेळी हेच दुकान तसं होतं, भिंतीवर फोटो आहे. पुढं नूतनीकरण झालं, काचेचा काउंटर आला, एसी आला, गिऱ्हाइकाला खुर्च्या आल्या, आणि आम्ही उभ्या राहिलो. आम्ही चौदा बायका आहोत. दुकानात काम करणाऱ्यांसाठी एकच स्टूल आहे, ते दारातल्या वॉचमनकाकांचं. मार्चमध्ये एकदा मी पेटीवर टेकले तर वरच्या कॅमेऱ्यात दिसलं, काउंटरवरचा फोन वाजला, "गिऱ्हाईक असताना बसलेलं बरं दिसत नाही." मालक वाईट माणूस नाहीत. माझ्या लग्नात त्यांनी शालू दिला होता. त्यांना खरंच वाटतं की बरं दिसत नाही.

माझी नणंद इचलकरंजीत एका वकिलांकडं टायपिंग करते. वन्संनी कायद्याच्या पानाचा फोटो पाठवला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात लिहिलं होतं, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच उतरवलंय, की गरोदर बाईला ठरावीक काळात कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहावं लागेल असं काम सांगायचं नाही. काळ कोणता, तर बाळंतपणाच्या तारखेआधीचे सहा आठवडे, आणि त्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना. त्या सहा आठवड्यांत बाई रजेवर नसेल, तरी हे लागू. काम हलकं दिलं म्हणून पगारही कापता येत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानाला हे लागू आहे. माझी तारीख २० जून. वन्संनी बोटांवर मोजून सांगितलं, "वहिनी, ९ एप्रिलपासून तुमचं बसणं कायदेशीर आहे." म्हणजे मॅडम माझी पोटरी मापत होत्या, बरोबर त्या दिवसापासून!

पण त्या पानात एक खोच आहे. हे सगळं 'तिने विनंती केल्यास'. विनंती कोण करणार? सिझनमध्ये घेतलेल्या आणि सिझन संपला की सोडलेल्या पोरी? आमच्यात एकीला अजून नेमणुकीचं पत्र नाही. मला आहे, नऊ वर्षं झालीत, तरी अर्ज लिहून पर्समध्ये पंधरा दिवस ठेवलाय.

कुणी विचारेल, एवढं होतंय तर रजा घे. पगारी रजा २६ आठवडे आहे, २०१७ पासून, पहिल्या दोन मुलांपर्यंत. त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. पण घेतले की तेवढे मागून जातात. अंगणवाडीच्या ताई सांगतात, सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. बाळ २० जूनला झालं तर सहा महिने २० डिसेंबरला भरतात. मी शेवटच्या दिवसापर्यंत काम केलं तर रजा पुरते १८ डिसेंबरपर्यंत. ९ मेपासून घरी बसले तर ६ नोव्हेंबरला संपते. म्हणून नववा लागला तरी बायका काउंटरवर दिसतात. हौस नसते. पुढचं दूध आत्ता वाचवत असतात.

कारखान्यात उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, असं १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं. आमच्या हेंच्या फौंड्रीत बाक आहे. दुकानांसाठी केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये तसा कायदा केला. केरळात त्यासाठी कोझिकोडच्या मिठाई गल्लीतल्या विक्रेत्या बायका भांडल्या, पुढं होत्या विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांचं भांडणसुद्धा आधी बाथरूमवरूनच सुरू झालं होतं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या सव्वीस पायऱ्यांची लाज वाटेनाशी झाली. आपल्याकडं आमदार, मंत्री सगळेच लग्नाचा बस्ता बांधायला दुकानात येतात. बसून साड्या बघतात. समोरची बाई उभी आहे, हे एकाच्या तरी ध्यानात यावं, आणि केरळसारखं एक कलम इथंही घालावं, एवढ्यासाठी हे पत्र.

गेल्या गुरुवारचं सांगते. कागलकडच्या एक आजी सुनेच्या ओटीभरणासाठी हिरवी साडी बघायला आल्या होत्या. सून बरोबर नव्हती. पदर खांद्यावर टाकून दाखवायचा असतो, मी टाकला. या महिन्यात ते थोडं अवघडच दिसतं, परवा एका बाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्यावर नको, त्या बारीक मुलीवर दाखवा." आजींनी मात्र साडीकडं बघितलंच नाही. "कितवा?" म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी स्वतःची खुर्ची उचलली, काउंटरच्या फळीखालून आत सरकवली आणि म्हणाल्या, "बस. मी उभ्यानं बघते. मला काय झालंय?" फोन वाजला. मी उचलला नाही, आजींनी उचलला. पलीकडून काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, आजी एवढंच म्हणाल्या, "व्हय, मीच बसिवलंय," आणि ठेवून दिला. अकरा साड्या बघितल्या, दोन घेतल्या. खुर्ची जाताना परत बाहेर काढून ठेवली, ते नियमाला धरूनच झालं म्हणायचं.

रविवारी हे बाजारातून प्लास्टिकचं निळं स्टूल घेऊन आले. सोमवारी मी ते पिशवीत घालून दुकानात नेलं. सध्या ते ट्रायल रूमच्या पडद्यामागं असतं. मी बसते, मालक पडद्याकडं बघतात आणि बिलं करत राहतात. काल सिझनच्या पोरींपैकी एकीनं विचारलं, मी घरी गेल्यावर ते इथंच ठेवणार का म्हणून. ठेवणार आहे.

आपली नम्र,
साडी दुकानातील एक विक्रेती, कोल्हापूर

(नाव छापू नये ही विनंती. अर्ज अजून पर्समध्येच आहे.)