सेवेची ओढ असेल तर नर्सिंग शिकाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ मे हा आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. त्यानिमित्त आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. परिचारिकांच्या मायेबद्दल, त्यागाबद्दल भरभरून लिहिलंय. आधी वॉर्डात आणि मग नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे वाचताना मन भरून आलं. पण आम्ही शिकतो काय, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. ती हवी होती, कारण कित्येक घरांत यावरूनच वाद होतात. मुलगी म्हणते, मला लोकांची सेवा करायचीय, नर्सिंगला जाते. घरचे म्हणतात, सेवाच करायची तर त्यासाठी इतकी वर्षं शिकायचं कशाला? किंवा, एवढे चांगले मार्क आहेत, मग नर्सिंग का? मुलाने असं काही म्हटलं तर विचारूच नका.

माझी पहिली वॉर्ड-ड्युटी सांगते. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या एक आजी होत्या. त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. मी हात हातात घेऊन बसले, त्यांच्या लहानपणच्या गोष्टी ऐकल्या. दोन तास कसे गेले कळलं नाही. आपण यासाठीच इथे आलो, असं अगदी मनापासून वाटलं. मग वॉर्डच्या सिस्टर आल्या. त्यांनी आजींना हलकेच कुशीवर वळवलं आणि मला जवळ बोलावलं. माकडहाडावर बोटाच्या पेराएवढा लाल डाग होता. सिस्टरनी त्यावर बोट दाबून उचललं. लालसर झालेली कातडी चांगली असेल तर दाबल्यावर क्षणभर फिकी पडते. हा डाग लालचा लालच राहिला. खालच्या चादरीला चुणी पडली होती. ‘बेडसोअरची सुरुवात आहे,’ एवढंच त्या म्हणाल्या. बेडसोअर म्हणजे एकाच जागी दाब पडत राहिल्याने कातडीला होणारी जखम. रागावल्या नाहीत. आजींना ती बाजू जाणवत नव्हती आणि स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. मी इतकी जवळ बसले होते, पण त्या किती वेळ पाठीवर पडून आहेत हे विचारायचं मला सुचलंच नाही.

माझ्या मायेत काहीच खोट नव्हती. मला ठाऊक नव्हतं, इतकंच. आणि हे ठाऊक करून घ्यावं लागतं. नाडी तीन बोटांनी बघायची, अंगठ्याने नाही, कारण अंगठ्यात आपलीच नाडी लागते. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर छातीवर ठेवायची आणि पूर्ण मिनिट मोजायचं. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० श्वास होतात. सकाळी १६ होते आणि दुपारी २६ झाले, तर माणूस हसून बोलत असला तरी डॉक्टरांना कळवायचं. तब्येत बिघडायला लागली की पुष्कळदा श्वासच आधी वाढतो.

सेवेची इच्छा भाबडी असते, असं कुणी म्हणालं तर मात्र मी ऐकून घेत नाही. रात्री तीन वाजता पेशंटजवळ न जाताही चार्ट भरता येतो. त्या वेळी उठून खरोखर मिनिटभर उभं राहून श्वास मोजायला लावते ती हीच इच्छा. ती शिकवता येत नाही, सोबत घेऊनच यावी लागते. बाकीचं आम्ही शिकवू.

नाइटिंगेल यांनाही घरून विरोधच होता. १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्या जर्मनीत कैसरस्वर्थला शिकायला गेल्या. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक दगावले, हे त्यांनी पुढे आकडे मांडून, आकृत्या काढून सरकारला पटवलं. रात्री जखमी सैनिकांना बघायला जाताना हातात असलेला त्यांचा दिवा सगळ्यांना आठवतो, आकड्यांची वही फारशी कुणी आठवत नाही. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली.

पालकांना एवढंच सांगते की मुलीला किंवा मुलाला अडवू नका, कॉलेज मात्र पारखून घ्या. मान्यता बघाच, पण विद्यार्थी प्रत्यक्ष वॉर्डात किती जातात आणि तिथे शिकवणारं कुणी सोबत असतं का, हेही विचारा. मनुष्यबळ कमी म्हणून विद्यार्थ्यांना राबवून घेणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. तिथे चांगली मुलं दमून जातात आणि शिकायचं राहूनच जातं. आणि संपादक महोदय, पुढच्या १२ मे रोजी आमच्या हातांचे फोटो छापाल, तेव्हा ते हात काय करतायत हेही खाली लिहा.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी विचारते, का आलात? बहुतेक जण म्हणतात, सेवा करायला. मी म्हणते, छान, आणि हातात चादर देते. त्या दिवशी आम्ही फक्त बेड लावतो. तळहात फिरवून बघतो, चुणी लागली की काढून पुन्हा घालतो.

आपली,
एक नर्सिंग शिक्षिका