स्वराज द्वीपावरील अनोळखी मदतगारांचे जाहीर आभार

माझ्या बालमैत्रिणीच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी आम्ही दोघी जळगावहून अंदमानला गेलो आणि शनिवार-रविवार स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पूर्वीच्या हॅवलॉक बेटावर, राहिलो. तेथे ज्यांनी आम्हाला मदत केली, त्यांची नावे विचारण्याचेही भान आम्हाला राहिले नाही, म्हणून हे आभार.

भरिताची चार हिरवी वांगी आणि कळण्याचे (ज्वारी-उडदाच्या भाकरीचे) पीठ असलेली पिशवी आम्ही पोर्ट ब्लेअरच्या (आताच्या श्री विजयपुरमच्या) धक्क्यावरच विसरलो होतो. ती पुढच्या बोटीने आमच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या खलाशाचे ऋण मोठे आहे. मुक्कामाच्या ठिकाणच्या आचाऱ्याने तर ती वांगी गॅसवर न भाजता, आमच्याकडील काड्यांच्या आगीचे वर्णन ऐकून, परसात नारळाच्या सोडणांवर भाजून दिली. साल काळी पडून फुटली, देठाशी रस उकळू लागला आणि भाजलेल्या मिरची-लसणाबरोबर भरीत ठेचले जाताच मैत्रिणीचे डोळे भरून आले. (धुरामुळे, असे ती अजूनही म्हणते.)

अंदमान पुष्कळ पूर्वेला असूनही घड्याळ आपलेच असल्याने हिवाळ्यात तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, हे आमच्या लक्षात नव्हते. राधानगर किनाऱ्यावर आम्हाला वेळेत पोहोचवून, अंधार पडल्यावरही थांबून राहिलेल्या आणि जादा पैसे नाकारून केवळ भाकरीचा तुकडा घेतलेल्या रिक्षाचालक दादांचे आम्ही दोघी मनःपूर्वक आभार मानतो.