विस्तवावर न जाणाऱ्या भाजीसाठी : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

पोहे, मिसळ, आमटी, भेळ, या सगळ्यांवर कोथिंबीर शेवटी पडते, गॅस बंद झाल्यावर. मुळा, काकडी, गाजर, कांद्याची पात, कोवळी मेथी हेही आपण कच्चेच खातो. शिजणाऱ्या भाजीतले रोगजंतू विस्तवावर मरतात, पण या भाज्यांच्या वाट्याला विस्तव येतच नाही. ई. कोलायचे घातक प्रकार, साल्मोनेला, ‘अ’ प्रकारच्या काविळीचा विषाणू, जिआर्डिया, जंतांची अंडी यांपैकी जे शेतात पानाला चिकटले, त्याचा बराचसा भाग ताटापर्यंत पोचतो. घरी नळाखाली नीट धुतले तरी जंतू साधारण दहापटीने कमी होतात, त्याहून फारसे नाही.

हे पत्र अन्न व औषध प्रशासनाऐवजी आपल्याला लिहिण्याचे कारण कायद्यातच आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम १८(३) ने शेतकरी, शेतीची कामे आणि शेतावरचा माल या कायद्यातून वगळला आहे. ते योग्यच आहे. दोन एकरांत भाजी करणाऱ्यामागे अन्न सुरक्षा अधिकारी लावून काही साधणार नाही. पण त्यामुळे बांधाच्या आतली सगळी जबाबदारी कृषी विभागाच्या सल्ल्यावर आणि अनुदानावर येते, आणि विभागाच्या भाजीपाल्याच्या शिफारशींत कीड, रोग, खतमात्रा जितक्या तपशिलाने येतात तितक्या तपशिलाने हा विषय येत नाही. युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षाची प्रत्येक बाग नोंदलेली असते, माल तपासला जातो. त्याच जिल्ह्यातून मुंबईला जाणाऱ्या कोथिंबिरीच्या जुडीला कोणते पाणी दिले, हे कोणी विचारत नाही.

शेतातला दोष पुढे किती महागात पडतो हे २०११ मध्ये जर्मनीत दिसले. तिथे ई. कोलायच्या उद्रेकात सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तपास मेथीच्या मोडांपर्यंत आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्यापर्यंत गेला. बियाण्यावर जंतू मूठभर असले तरी मोड आणण्याची ऊब आणि ओल त्यांना वाढायला पुरते.

सुरुवात खतापासून करावी लागेल. आपल्याकडे उकिरड्यातले खत ‘कुजलेले’ आहे की नाही हे रंगावरून आणि वासावरून ठरते. काळे, भुसभुशीत, वास गेलेले खत चांगले कुजलेले असेलही, पण जंतू मेले की नाही हे त्यावरून कळत नाही. जंतू मारते ती उष्णता. ढीग ५५ अंश सेल्सिअसच्या वर किमान १५ दिवस राहिला पाहिजे आणि त्या काळात तो पाच वेळा पलटला पाहिजे. पलटताना बाहेरचा थर आत गेला पाहिजे, कारण ढिगाचा पोटाचा भाग तापतो आणि कडेचा वीतभर थर थंडच राहतो. न पलटलेल्या ढिगात त्या थरातले जंतू सुखरूप बसतात. ढीग दीड मीटर उंच आणि तेवढाच रुंद असावा, त्याहून लहान ढीग उष्णता धरत नाही. नुसत्या शेणाचा ढीग बसतो, आत हवा जात नाही, म्हणून उसाचे पाचट, तुरीच्या काड्यांचा चुरा, भुसा असे काडीकचऱ्याचे थर हवेत. मूठ आवळली की बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण धार लागू नये. तीन फुटी दांड्याचा तापमापक प्रत्येक शेतकरी गटाला एक दिला तरी पुरेल. तोपर्यंत लोखंडी पहार ढिगात दहा मिनिटे खुपसून ठेवावी. बाहेर काढल्यावर ती हातात धरवत असेल तर ढीग तापलेलाच नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची खत कुजवण्याची नाडेप टाकी महाराष्ट्राने देशाला दिली. तिच्यात खत पलटले जात नाही, म्हणून तिथे भरवसा उष्णतेपेक्षा मुदतीवर ठेवावा लागतो. चार महिने पूर्ण होण्याआधी त्या टाकीतले खत पालेभाजीला घालू नये, हे अनुदानाच्या अटीत लिहा. न कुजलेले शेणखत वापरायचेच असेल तर ते घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस गेले पाहिजेत. कोथिंबीर पेरणीपासून ३५-४५ दिवसांत निघते, मेथी त्याहून लवकर. म्हणजे या पिकांना ताजे शेणखत देताच येत नाही, ते आधीच्या पिकाला द्यावे. ताजे कोंबडखत तर भाजीच्या वाफ्यात नकोच, कारण त्यात साल्मोनेला असण्याची शक्यता मोठी. आणि नीट झालेले खतही पुन्हा बिघडते : कच्च्या शेणात घातलेले फावडे त्यात गेले, वरच्या उकिरड्याचे पावसाळी पाणी त्यात उतरले, कोंबड्या त्यावर बसल्या. तयार खत उताराच्या वरच्या अंगाला, ताडपत्रीखाली असावे.

आता एक नाजूक मुद्दा. डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशनमधून जीवामृताचा प्रसार होतो. रासायनिक खर्च कमी व्हावा ही त्यामागची इच्छा आम्हालाही मान्य आहे. पण जीवामृत म्हणजे २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, आणि दोन-तीन दिवसांची आंबवण. यात कुठेही ५५ अंश येत नाहीत. शिवाय गूळ आणि बेसन हे चांगल्या जिवाणूंचे अन्न आहे तसेच शेणातल्या रोगजंतूंचेही. कंपोस्टच्या अर्कात साखर घातली की ई. कोलाय आणि साल्मोनेला वाढू शकतात, हे परदेशी प्रयोगांत दिसले आहे. जमिनीत, पेरणीआधी किंवा फळझाडाच्या बुंध्याशी दिले तर धोका बराच कमी. काढणीला आठ दिवस राहिलेल्या कोथिंबिरीवर पंपाने फवारणे म्हणजे पातळ केलेले शेण खाण्याच्या पानावर मारणे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर शेणापासून केलेल्या कोणत्याही द्रावणाची फवारणी करू नये, ही एक ओळ मिशनच्या प्रत्येक पुस्तिकेत आणि शेतीशाळेत यायला हवी. या पत्रातल्या सगळ्या मागण्यांत हिला खर्च शून्य आहे, म्हणून ती पहिली करा.

पाण्याचे दुखणे शेतकऱ्याच्या हातातले नाही. मुळा-मुठेत पुण्याचे सांडपाणी मिसळते, ते पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (उपसा विहिरीतून) बेबी कालव्याने दौंडच्या दिशेने जाते, आणि वाटेतल्या शेतकऱ्याने त्यावर भाजी करू नये असे म्हणणे सोपे असले तरी त्याच्याकडे दुसरे पाणी नसते. कच्च्या खाण्याच्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये घातलेली मर्यादा १०० मिलिलिटरमध्ये १,००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) आणि लिटरमागे जंताचे जास्तीत जास्त एक अंडे अशी होती. २००६ मध्ये संघटनेने नवा मार्ग सांगितला : पाणी पूर्ण शुद्ध होत नसेल तर शेतापासून ताटापर्यंत एकामागून एक अडथळे उभे करा. त्यांच्या हिशेबात ठिबकने जमिनीलगतच्या पिकावरचे जंतू शंभरपट आणि उंच पिकावरचे दहा हजारपट घटतात. शेवटच्या पाण्यानंतरचा प्रत्येक दिवस त्यांना तीनपट ते शंभरपट घटवतो. उन्हाळ्यात जास्त, ढगाळ पावसाळ्यात कमी.

म्हणून पाणी हौदात किंवा शेततळ्यात दोन-तीन दिवस स्थिर ठेवावे. जंतांची अंडी जड असतात, ती तळाला बसतात. उपसा तळापासून हातभर वरून करावा. उपशाच्या पाइपाच्या तोंडाचा फुटव्हॉल्व्ह गाळात टेकला की सगळे पुन्हा पाइपात येते. हौद दोन हवेत, एक भरताना दुसरा निवळत राहतो. कोथिंबीर वरून तुषार उडवणाऱ्या रेनपाइपवर घेतात, कारण फोकून पेरलेल्या बियाला सारखी ओल लागते. उगवणीपर्यंत ते ठीक आहे. त्यानंतर मीटरभर रुंद गादीवाफ्यावर ठिबकच्या दोन इनलाइन नळ्या टाकून पाणी मुळाशी द्यावे. खरी अडचण शेवटच्या दिवशी येते. जुडी टवटवीत दिसावी म्हणून काढणीच्या आदल्या रात्री वरून पाणी मारतात. तेच पाणी मुळाशी सोडले तरी पान ताठच राहते. ठिबकचे अनुदान आहे, पण पालेभाजीवाला ते घेताना दिसत नाही, कारण महिन्यासव्वा महिन्यात वाफा मोडायचा आणि नळ्या गुंडाळायच्या. या पिकांसाठी उचलता येणाऱ्या नळ्यांचा वेगळा आराखडा अनुदानात बसवा.

काढणीनंतर सगळ्यात जास्त बिघडते ते धुताना. ओढ्यात किंवा एका टाकीत दिवसभर जुड्या बुडवल्या की एका जुडीवरची घाण शेकडो जुड्यांना लागते. आधी साध्या स्वच्छ पाण्यात माती काढावी, मग क्लोरीनच्या पाण्यात एक-दोन मिनिटे, शेवटी पिण्याच्या पाण्यात. २५ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर १०० लिटरला ४० ग्रॅम घेतली की क्लोरीन १०० पीपीएम (दशलक्ष भागांत १०० भाग) होते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ वापरावे. मातीने क्लोरीन झपाट्याने संपते, म्हणून क्लोरीन मोजण्याच्या पट्टीने तपासत राहावे आणि ५० पीपीएमच्या खाली गेले की द्रावण बदलावे. उघड्या गोणीतली पावडर महिन्याभरात निकामी होते. तिच्यात लिंबू किंवा आम्ल टाकू नये, विषारी वायू सुटतो. हे सारे टाकीतले पाणी सुरक्षित ठेवते, पानाच्या आत शिरलेला जंतू त्याने मरत नाही. आणि धुतलेली जुडी पुन्हा नाल्याच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटाखाली झाकली तर केलेले सगळे वाया. पुण्याच्या गुलटेकडीसह प्रत्येक मोठ्या बाजार समितीच्या पालेभाजी विभागात पिण्याच्या पाण्याचे धुण्याचे ओटे आणि भाजीवर मारण्यासाठी वेगळा नळ हवा. पणन खात्याशी बोलून हे आपणच घडवू शकता.

जुड्या बांधतात त्या बाया. त्यांच्यासाठी शेतात ना संडास, ना साबण. काविळीचा विषाणू पाण्याइतकाच हातांवरूनही जातो. दहा बायांच्या टोळीमागे तोटीचा २० लिटरचा कॅन, साबण आणि बांधावर आडोशाचा फिरता संडास हवा. ज्या दिवशी जुलाब होत असतील त्या दिवशी त्या बाईला बांधणीऐवजी दुसरे काम द्यावे, मजुरी न कापता. मजुरी कापली तर कोणी आजार सांगणार नाही. शेतकरी गटांना भाजीपाला क्रेट दिले जातात, त्याच संचात हे बसवता येईल.

तपासणीसाठी प्रयोगशाळा लांब असतात. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली गावागावांत पिण्याच्या पाण्यासाठी वापरली जाते. पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत काळे झाले तर त्यात विष्ठेचा अंश असण्याची दाट शक्यता. कृषी विभागाच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याच्या पिशवीत त्या बाटल्या द्या. धुण्याच्या पाण्याला ही चाचणी महिन्यातून एकदा आणि पहिल्या पावसानंतर लगेच करावी, कारण उकिरडे वाहून विहिरीत येतात ते तेव्हाच. बाटली काळी झाली तर शेतकऱ्याला दंड नको. त्याच्या विहिरीला कठडा आणि शुद्धीकरणाची पावडर त्याच आठवड्यात मिळावी.

आपले,
भाजीपाला उत्पादक आणि कृषी सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक